हाकेला ओ

ये गो, आत ये. उंबऱ्यावर काय उभी राहिलीस पाहुणीसारखी? इथं बस, माझ्या अगदी जवळ, आणि ती पिशवी आधी खाली ठेव. रामनगर काय विलायतेत आहे? दसरा गेला, दिवाळी गेली, तोंड दाखवायला जमलं नाही, आणि आलीस ती रडगाणं घेऊन. भात पिकलं की पोरं शाळेत येत नाहीत, पट रिकामा दिसतो, मला बदली पाहिजे. मास्तरीण झालीस म्हणून आमच्या घराची मान वर झाली, आणि तुला बेळगावला जायचंय. जा की. आजीनं कधी कुणाला अडवलंय? पण आधी चहा घे, आणि माझ्या मास्तरांचं ऐक. मग खुशाल जा.

आमचे मास्तर कुणालाही ओ द्यायचे. हसू नकोस, खरंच सांगते. बाहेर कुणी म्हशीला हाक मारली की आत पाढे घेता घेता मास्तर म्हणायचे, "ओ!" कोकीळ ओरडला, ओ. मोर ओरडला, ओ. शाळा देवळाच्या मंडपात भरायची. एकदा पुजाऱ्यानं डोळे मिटून "नारायणाऽ" म्हणून देवाला आळवलं, आणि मागून खणखणीत आवाज आला, "ओ!" पुजारी बिचारा घंटेची साखळी धरून थरथरत उभा राहिला. मास्तरांचं नाव काही नारायण नव्हतं. पण हाक आली की ओ द्यायची, मग ती कुणाची का असेना, असा त्यांचा नेम.

दिसायला उंच, वाळलेले. अंगात काळा कोट, आत सदरा कधी असायचा, कधी नसायचा. हातात छत्री. उन्हात ती उघडून फिरायचे आणि पाऊस आला की मिटून काखेत धरायचे. "भिजली तर कुजेल ना," म्हणायचे. स्वतः कुजले तरी चालेल. आमच्या रानातला पाऊस तुला माहीत आहे, आणि जळवाही माहीत आहेत. पायाला जळू लागली की आम्ही तंबाखूचं पाणी लावून काढायचो. मास्तर मात्र तिच्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "जेवण झालं की उठा हं बाई."

पोरांना अहो-जाहो करायचे. नाकाला शेंबूड, कमरेला लंगोटी, आणि मास्तर म्हणणार, "अहो वेळीप, नाक पुसा. अहो गावकर, आपली म्हैस शाळेत आली आहे." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा माझ्या आईनं विचारलंच.

"मास्तरानू, पोरास्नी कशाला ओ अहो म्हणतासा? डोस्क्यावर बसतील."

"उद्या मोठे झाले की म्हणावंच लागेल, वहिनी. तेव्हा माझी जीभ म्हातारी असेल, वळायची नाही. आत्ताच वळवून ठेवतो."

त्यांच्या आधी जे जे मास्तर आले ते एका पावसाळ्यात पळाले. हिवताप. थंडी वाजून आली की चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे. हे आमचे मास्तर खानापुराकडचे. यांनाही ताप यायचा. मग ते घोंगडी पांघरून, दात वाजवत शिकवायचे, आणि पोरं दात वाजवत कविता म्हणायची. नक्कल नव्हे गो, पोरांना वाटायचं ती म्हणायचीच तशी.

आता ओ देण्याचं कुठून आलं ते सांगते. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या घरात ते इतक्यांदा सांगितलंय की मला ते डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. मास्तर नवीन आले तेव्हा दिग्गी गावाच्या अंगाला रानात वाट चुकले. सांज व्हायला आली तरी माणूस आला नाही म्हणून गाव हाका मारत निघालं. तुमच्या शहराकडं समजूत काय, तर रानातनं हाक आली की ओ द्यायची नाही, भूत असतं. मास्तर एका धोंड्यावर छत्री उघडून तोंड मिटून बसले. डाव्या अंगानं हाक आली, गप्प. उजवीकडनं आली, गप्प. हाका जितक्या जवळ, तितकी छत्री खाली. गावानं इकडं धरलं की वाघानं नेलं. शेवटी माझ्या बाचा पाय त्या छत्रीला लागला.

गावचा बुदवंत, म्हणजे ज्याचा शब्द सगळे मानतात तो जाणता म्हातारा, कधी कुणावर आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला.

"शिकल्याला मानूस तू. हाक आली तर ओ का देईना झालास?"

"मला वाटलं भूत..."

"आरं, भूत असूंदे न्हाईतर वाघ असूंदे. रानात जो ओ देत न्हाई तेला आमी मेला धरतो. तू जित्ता हाईस हे आमाला कळायचं कसं?"

मास्तर त्याच्या पाया पडले म्हणे. तेव्हापासून कुणीही हाक मारो, मास्तर ओ देणार. लोक म्हणायचे, मास्तराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला विचारशील तर तो गावातला सगळ्यात शहाणा परिणाम होता.

बरं, तुझं दुःख पोरं येत नाहीत हे. आमच्या मास्तरांचंही तेच. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की शाळा ओस. पोरं माळ्यावर. आता तुम्ही मुली माळा म्हटलं की घराचा माळा समजता. आमचा माळा म्हणजे खाचराच्या कडेला चार मेढी पुरून वर बांबूचा केलेला मंच, डोक्यावर गवताचं छप्पर. रात्री बापयेमाणसं बसायची, डुकरं आणि गवे हाकलायला. दिवसा पोरं, राघू आणि वानरं हाकलायला. राघूंचा थवा एकदा उतरला की लोंब्या कातरून जातो. आणि माळ्यावरचा कायदा एकच. एका माळ्यानं हाक दिली की पुढच्यानं ओ द्यायची, मग त्याच्या पुढच्यानं, अशी हाक आख्ख्या खोऱ्यातनं फिरून यायची. एखादा माळा गप्प राहिला की हातातलं टाकून सगळ्यांनी तिकडं धावायचं. साप असेल, वाघ असेल, काहीही असेल.

मास्तर पहिल्या वर्षी घरोघर गेले. पोरं पाठवा म्हणाले. माझा बा म्हणाला, "मास्तर, तुमी राघूस्नी सांगा, आज शाळा हाय, उद्या या. ते ऐकत असतील तर धाडतो."

मास्तर गेले. वाटलं, आता हेही पळणार. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, खोऱ्याच्या मधोमध जो काळा खडक आहे, हत्तीच्या पाठीसारखा, त्याच्यावर मास्तर धोतर खोचून चढलेले. घराला लावायची पांढरी माती कालवून घेतलेली, हातात कुंचा. आणि माणसाच्या उंचीचा एक ‘ग’ काढला. सगळ्या माळ्यांवरनं दिसला. मग छत्री उंच करून ओरडले, "गवताचा गऽ!" पहिला माळा म्हणाला गवताचा ग, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळी खडकावर पाणी ओतून धुतला. दुसऱ्या सकाळी दुसरं अक्षर.

तशी ती शाळा सुरू झाली.

अक्षरं झाली, मग पाढे. त्यात गंमत केली होती. प्रत्येक माळ्याला एक जागा. पहिल्यानं एके म्हणायचं, दुसऱ्यानं दुणे, तिसऱ्यानं त्रिक, असं दाहेपर्यंत. पाढा कुठलाही असो, जागा तीच. राघू काय उडायचे! नुसत्या हो-होला ते सरावले होते, पण "सात सक बेचाळीस"ला त्यांचा धीर सुटायचा. म्हातारी माणसं म्हणायची, यंदा लोंबी भरून राहिली ती पाढ्यांनी.

आणि मी? मी त्यात नव्हते. आमच्या माळ्यावर मी एकटीच बसायची, दादा बाच्या बरोबर रानात जायचा. पण पोरगी. बानं बजावलं होतं, "राघू हाकल, बांबूचा फटका बडव, पन खोऱ्याभर गळा काढायचा न्हाई. लगीन व्हायचं हाय तुझं." मास्तर घरी येऊन विनवून गेले होते. "हिचं नाव पटावर घालतो," म्हणाले. बा उठून गुरांना वैरण घालायला गेला, म्हणजे नाहीच. तेव्हा मी माळ्यावर बसून ओठ हलवायची. अक्षर आलं की बांबूवर कोळशानं काढायची, ओल्या हातानं पुसायची. आमचा माळा पाचव्या आणि सहाव्याच्या मधला. पाचवा सोमाचा. त्याची जागा पंचेची. सोमा आळशी पण त्याची पाळी कधी चुकायची नाही. म्हणायचा, "पंच्यांत चुकायला काय हाय गो? एकदा पाच, एकदा शून्य." आठेची जागा बाबूची, आणि बाबूचे हाल.

सातचा पाढा नवा नवा होता. फिरत फिरत बाबूपर्यंत आला. सात आठे... गप्प. बाबू गप्प, खोरं गप्प. आणि मग जी पळापळ! कोयते, कुऱ्हाडी, एक काका तर जेवता जेवता उठून हातात भाताचा घास घेऊन. बाबूची आई मुसळ घेऊन सगळ्यांच्या पुढं. माळ्याला वेढा घातला. बाबू वर बसून ढसाढसा रडतोय.

"वाघ कुठं हाय रं?" बुदवंतानं विचारलं.

"वाघ न्हाई," बाबू हुंदके देत म्हणाला. "आठे हाय."

आईनं मुसळ टाकून, वर चढून त्याला आधी कवेत घेतलं आणि मग दोन धपाटे घातले. सगळं गाव हसलं, पण बुदवंत हसला नाही. सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपास्नं पाढ्यात कोन गप झालं तर कुनी धावायचं न्हाई. पाढं येगळं, हाक येगळी." मास्तरांना ते पटलं नाही. मान खाली घालून एवढंच म्हणाले, "हाक ती हाकच, बाबा." पण गावचा शब्द तो गावचा शब्द.

ही गोष्ट ध्यानात ठेव.

आता दिपोटी. शाळा तपासणारा साहेब, सुप्याहून यायचा. मागच्या खेपेला आला तेव्हा मंडपात मास्तर आणि एक शेळी. तेव्हाच तो सांगून गेला होता, पुन्हा शाळा रिकामी दिसली तर कुलूप लावीन आणि तुम्हाला दुसऱ्या गावी धाडीन. म्हणजे शाळा गेली, मास्तर गेले, खडकही गेला. मोठ्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. पण मी सांगते तुला, त्या दिवसांत सकाळी डोळा उघडला की मला एकच, आज खडकावर काय असेल. तो खडक पुन्हा नुसता काळा होणार, हे मला सहन व्हायचं नाही.

आणि साहेब आला तो नेमका भात पिकल्यावर.

मंडप रिकामा. शेळीसुद्धा नाही. साहेबानं घाम पुसला आणि म्हणाला, "काय मास्तर? शाळा कुठे आहे?"

"भरली आहे साहेब," मास्तर म्हणाले. "जरा पसरली आहे, इतकंच."

आणि साहेबाला बांधावरनं चालवत खडकावर घेऊन आले. गोरापान, गोल माणूस, पायात बूट, हातात काठी. मागं शिपाई पेटी घेऊन. काम करणारी माणसं हात थांबवून बघायला लागली. माझा बासुद्धा तिथंच होता, खळं सारवायला माती आणत होता. मास्तरांनी छत्री उंच केली. मला माळ्यावरनं सगळं दिसत होतं.

"सातचा पाढाऽ!"

"सात एके सात!" पहिला माळा. "सात दुणे चौदा!" साहेबानं मान वळवली. "सात त्रिक एकवीस!" काठी खाली टेकली. "सात चोक अठ्ठावीस!" साहेबाच्या तोंडावर हसू आलं गो, खरं हसू.

मग सोमा. सोमाचा आवाज नाही.

मास्तर थांबले. कुणीही धावलं नाही. धावायचं नाही असं ठरलेलंच होतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, पोरगं विसरलं. साहेब म्हणाला, "इथपर्यंतच येतं वाटतं?" आणि मास्तरांचा चेहरा पडला. ते आता पस्तीस सांगून टाकणार, पाढा पुढं चालू होणार, असं सगळ्यांना वाटलं.

पण मी सोमाच्या शेजारच्या माळ्यावर. मी म्हटलं, सोमा? पंच्यांत? सोमा झोपेत विचारलं तरी सांगेल. बाबू गप्प झाला तर तो विसरला. सोमा गप्प झाला तर सोमाला काहीतरी झालंय. हे खोऱ्यात कुणाला कळणार? पाढा रोज कान देऊन ऐकला असेल त्यालाच.

मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा गळा काढला. "ओ न्हाईऽऽ! सोमाच्या माळ्यावर ओ न्हाईऽऽ!"

बानं वर बघितलं. मला वाटलं, आता माझं काय खरं नाही. पण मी थांबले नाही. आणि मास्तर! छत्री फेकली, साहेबाला तिथंच खडकावर उभं टाकलं, आणि उभ्या भातातनं सरळ धावत सुटले. बांध नाही, वाट नाही. पिकल्या भातातनं धावणं म्हणजे आमच्यात केवढं पाप, पण त्या शेताचा धनीच त्यांच्या मागनं धावत होता.

सोमा माळ्याच्या कडेला पडला होता, अर्धा बाहेर. ताप डोक्यात गेलेला, डोळे वर. एक कूस वळला असता तर खाली बांधाच्या दगडांवर आला असता. मास्तर त्याला पाठीवर घेऊन शिडी उतरले. तोंडानं एकच चाललेलं, "ओ द्या अहो. अहो सोमाजी, ओ द्या."

साहेब चिखल तुडवत आला, एक बूट पायात, एक शिपायाच्या हातात. पेटी उघडायला लावली, हिवतापावरची कोयनेलची गोळी काढली, स्वतः पाण्यात विरघळवून सोमाच्या तोंडात घातली. ते कडू जहर तोंडात जाताच सोमा थुंकला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "पस्तीस." तिथं जमलेली माणसं एकदम हसली आणि एकदम रडली.

मग साहेब माझ्या माळ्याखाली आला. "पोरी, तुला कसं कळलं? मुलगा विसरलाही असेल."

मी म्हटलं, "तो पंच्यांत चुकत न्हाई. सात पंचे पस्तीस."

"तुला पाढा येतो?"

"येतो की."

"पुढं?"

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. मातीची टोपली त्याच्या डोक्यावर तशीच. मला अडवायला काही तो पुढं झाला नाही. मी पाढा म्हटला. सक, साते, आठे, सत्तरापर्यंत. आठेला बाबूनं माळ्यावर मान खाली घातली.

"ही पटावर आहे का?" साहेबानं मास्तरांना विचारलं.

मास्तर चिखलानं माखलेले, बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बा म्हणाला, "घाला. आता गळा काढलाच हाय खोऱ्याभर, तर घाला नाव." आणि माती घेऊन खळ्याकडं चालता झाला.

कुलूप लागलं नाही. साहेब जाताना म्हणाला, "मास्तर, तुमची शाळा तपासायची तर पाय धुवायला दोन घागरी पाणी लागतं." आणि बाबूनं आपण होऊन आठेची जागा मला देऊन टाकली. त्याच्या इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर बघितला नाही.

पुढं माझं लग्न झालं, बाजारकुणंग गावात दिलं. शाळा तिथं सुटली, पण अक्षर सुटलं नाही. दुकानातनं पुडी आली की मीठ डब्यात आणि कागद माझ्याकडं. सासू म्हणायची, ही कागदाची बाई. तुझा आजोबा मात्र कुठलाही कागद सापडला की मला आणून द्यायचा, बोलायचा काही नाही. तुझ्या बापाला, तुझ्या आत्यांना पहिली अक्षरं मी चुलीपुढं राखेत काढून शिकवली. आणि मोठी काढायची गो, हातभर. मला लहान अक्षर शिकवलंच नव्हतं कुणी.

मास्तर पुष्कळ वर्षं राहिले. ताप आणि कोयनेल, कोयनेल आणि ताप. त्या कडू गोळीनं त्यांचे कान गेले. हाका ऐकू येईनात, तेव्हा ते आपल्या मनानंच मधे मधे ओ देऊन ठेवायचे, कुणाची राहून जायला नको म्हणून. मग त्यांचे भाऊ येऊन त्यांना खानापुरास घेऊन गेले.

एकदाच परत आले. मी माहेरी आले होते, हा तुझा बाप काखेत होता. भात पिकलं होतं. मी माळ्यावर चढून बसले होते, सवय जात नाही. बघते तर खालच्या वाटेनं कुणीतरी चाललंय, ऊन आहे आणि छत्री उघडी. मी ओळखलं. हाक मारली, "मास्तरऽऽ!" ते चालतच राहिले. ऐकू कुठून येणार? मी पुन्हा मारली, सगळा जीव एकवटून. आणि त्या आवाजानं खालच्या खाचरातला राघूंचा थवा भर्रकन उठला, हिरवागार, मास्तरांच्या डोक्यावरनं गेला. मास्तर थांबले. राघूंकडं बघितलं. राघू उगीच उडत नाहीत, हे त्यांना आमच्या खोऱ्यानंच शिकवलं होतं. कुठल्या माळ्यावर कोण, काही दिसत नसणार. पण त्यांनी छत्री मिटली, उंच केली आणि चारी बाजूंना तोंड फिरवून म्हणाले, "ओऽऽ!"

ओ आली गो मला. पोचली.

चल, चहा गार झाला तुझा. बदलीचं तुझं तू बघ, मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते, पुढच्या खेपेला दिवाळीची वाट बघत बसू नकोस. भात पिवळं पडायला लागलं की ये, तुझी ती न येणारी पोरं कुठल्या माळ्यावर बसतात ते बघून मगच ये, मला सांगायला. मी आता पायरीसुद्धा धरून चढते, पण आवाज आहे अजून. तू खालच्या वळणावर दिसलीस की हाक मारीन. लवकर ये, आणि ओ दे.